वीतभर सरहद्द

लढाई जिंकणारे जगात पुष्कळ झाले आणि हरणारे त्याहून जास्त झाले. पण लढाई वर्षानुवर्षं, नेमानं, निष्ठेनं, ना जिंकता ना हरता चालवून दाखवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो श्रीरामपूरजवळच्या बेलापूरच्या अलीकडे, पाटाच्या कडेला, साडेतीन एकर उसाच्या रानात राहत होता, आणि त्याच्यापुढे मोठमोठे सेनापतीसुद्धा मला उतावळे वाटतात. त्यांना जिंकायची घाई फार. आमच्या दफेदारांना नव्हती.

दफेदार हे त्यांचं नाव नव्हे, हुद्दा. रणगाड्यांच्या पलटणीत वीस वर्षं रणगाडा चालवून ते पेन्शनीत आले आणि येताना मिशा सोडून बाकी काही घेऊन आले नाहीत. त्या मिशा मात्र सरकारी मालमत्ता असल्यासारख्या सांभाळल्या होत्या. दोन्ही टोकं इतकी ताठ आणि इतकी एका रेषेत, की शेताच्या मोजणीच्या वेळी आम्हा मोजणीदारांची झेंडी कमी पडली तर दफेदारांना उभं करून मिशीच्या टोकावरून रेघ धरावी. एकदा मी खरंच धरली होती. रेघ बरोबर आली.

घरी आल्यावर त्यांनी ट्रॅक्टर घेतला आणि पहिल्याच दिवशी त्याला शेवाळी हिरवा रंग दिला. पलटणीत वीस वर्षं ते नुसते ड्रायव्हर होते. हुकूम देणारा वर बसायचा, हे खाली बसून ऐकायचे. आता वर कुणीच नव्हतं, त्यामुळे दोन्ही कामं त्यांच्यावर येऊन पडली. ट्रॅक्टरवर बसले की आधी जाड आवाजात म्हणायचे, "ड्रायव्हर, आगे बढ़." मग बारीक आवाजात, "जी साब." मगच गिअर पडायचा. एकदा गावात चावडीपुढे ड्रायव्हरनं कमांडरचं ऐकलं नाही आणि सायकलच्या दुकानाची पायरी गेली. दफेदारांनी ड्रायव्हरला आठ दिवस ट्रॅक्टरबंदीची शिक्षा ठोठावली. उसाच्या लागणीचे ऐन दिवस, सगळं गाव रानात, आणि ट्रॅक्टर दारात उभा. काकू, म्हणजे दफेदारांच्या मालकीणबाई, म्हणाल्या, "आवो, लागण वाळंल." दफेदार म्हणाले, "मी काय करू? साहेबाची ऑर्डर हाय."

माझा त्यांचा संबंध आला तो मोजणीमुळे. मी मोजणी खात्यात होतो. लोकांच्या शेतात टेबल मांडायचं, साखळी ओढायची, लाल-पांढऱ्या झेंड्या रोवायच्या आणि नकाशावरची रेघ जमिनीवर दाखवायची, एवढंच आमचं काम. मग दोन्ही बाजूंनी आपल्याला शिव्या द्यायच्या, ही त्या कामाची रीत. एकाच बाजूनं दिल्या तर मोजणी चुकली असं समजावं. नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमाराला श्रीरामपूरला बदली होऊन आलो, तर टेबलावर पहिलीच फाईल या बांधाची. कारकून म्हणाला, "साहेब, ही फाईल नाही. हा वारसा आहे. आधीच्या तीन साहेबांनी मिळून वाढवलाय."

हकीकत अशी, की दफेदार आणि त्यांचे चुलतभाऊ यांच्या वाटण्या वडिलांच्या वेळीच झालेल्या. मधे तीन हात रुंद बांध. त्यावरून म्हणे पूर्वी नवरदेव घोड्यावरून जायचा. मी पाहिला तेव्हा तो वीतभर उरला होता आणि त्यावरून मुंगळ्याला जायचं असलं तरी दोन्हीकडून ना-हरकत दाखला लागला असता. बांध कोरणं ही आमच्याकडची जुनी कला. नांगरट करताना बांधाकडेला आलं की फाळ चार बोटं आत धरायचा, एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, बांधाचं घ्यायचं, आणि त्या वेळी मान मुद्दाम दुसरीकडे वळवून आभाळाबद्दल काहीतरी बोलायचं. दफेदार ट्रॅक्टरनं एक तास खायचे, चुलतभाऊ बैलांनी एक तास खायचे. दर उन्हाळ्याला एक-एक. जास्त नाही, कमी नाही.

मला मोजणीदाराची सवय. मी हिशेब करून पाहिला. या वेगानं तो बांध तीन वर्षांत नकाशावरून पुसला जायला हवा होता. पण जागेवर तो वीतभरचा वीतभर. हे कोडं मला दुसऱ्या पावसाळ्यात सुटलं. उन्हाळ्यात कोरलेला बांध दोघंही पावसाळ्यात आपापल्या बाजूनं माती लावून, थापून, पोसून उभा करत होते. कारण बांध फुटला तर आपल्या उसाचं पाणी समोरच्याच्या रानात जाणार आणि त्याचं फुकटात भलं होणार. एवढा अन्याय दोघांनाही सोसवत नव्हता. म्हणून चार महिने बांध खायचा आणि चार महिने भरायचा. उरलेले चार महिने माझ्याकडे अर्ज करायचे.

अर्जांचं खातं चुलतभावांकडे. ते प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. अंगानं काडी, आवाज किनरा, पण अक्षर असं, की अर्ज वाचायच्या आधी त्याला नमस्कार करावासा वाटे. बायको पूर्वीच गेलेली, मुलगा पुण्यात नोकरीला. घरी गुरुजी आणि दोन बैल. बैलांची नावं कर्ता आणि कर्म. "आणि क्रियापद?" म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "ते मी." गुरुजींचा प्रत्येक अर्ज "सविनय" या शब्दानं सुरू व्हायचा आणि तिसऱ्या ओळीपर्यंत दफेदारांना परकीय आक्रमक ठरवून मोकळा व्हायचा. एकदा दफेदारांनी चिडून स्वतःच्या हातानं उत्तर लिहिलं आणि बांधावर दगडाखाली ठेवलं. गुरुजींनी ते नेलं, लाल शाईनं ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले, खाली "दहापैकी चार. हस्ताक्षर सुधारा" असा शेरा मारला आणि पुन्हा त्याच दगडाखाली आणून ठेवलं. दफेदारांनी तो कागद मला दाखवला. रागावले होते, पण घडी फार जपून घालत होते. म्हणाले, "चवथीत ह्यानं माझी उत्तरं बघून लिवली हुती, तवा दोघांलाबी चारच पडलं हुतं." म्हणजे दोघे एका वर्गातले. एका बाकावरचे.

बोलणं मात्र बंद. दोघांची घरं बांधाच्या दोन बाजूंना, समोरासमोर, मधे फार तर शंभर पावलं. सकाळी गुरुजी ओसरीवर येऊन खोकायचे. साधा खोकला नव्हे तो. आधी दोन लहान, मग एक लांब, वर चढत गेलेला, आणि शेवटी घसा साफ झाल्याचं जाहीर करणारा एक ठसका. तो ऐकू आला की इकडे दफेदार ट्रॅक्टर चालू करायचे. कुठे जायचं नसलं तरी पाच मिनिटं इंजिन भकभकवून बंद करायचे. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "त्यानं तोफ डागली. मी जबाब दिला. संपला सकाळचा राउंड."

मी मोजणीला गेलो की दोघं बांधाच्या दोन बाजूंना उभे राहायचे आणि एकमेकांशी माझ्यामार्फत बोलायचे.

"साहेब, त्यांना सांगा, धोतर माझ्या हद्दीत उडतंय," दफेदार म्हणायचे.

"साहेब, त्यांना विचारा, वारा कोणाच्या मालकीचा आहे."

"साहेब, त्यांना म्हनावं, वारा माझ्याकडनं जातोय तवर माझा."

मी मधे उभा राहून दोन्हीकडे मान हलवायचो. आणि मला बांधावर येताना पाहिलं की दफेदार घराकडे तोंड करून ओरडायचे, "शांतिसेना आली. चहा टाका."

त्यांना लढाईच्या शास्त्राचा नाद होता. जिंकलेल्या लढायांबद्दल बोलायचं म्हटलं तर त्यांना जांभया यायच्या. "त्यात काय, एक मेला, एक उरला. पोरंबी सांगतील." पण जी लढाई अर्ध्यावर थिजली, वर्षानुवर्षं जागची हलली नाही, दोन्हीकडची माणसं म्हातारी होऊन घरी गेली तरी सरहद्द तिथंच, तिचं नाव निघालं की दफेदार खाटेवर सरळ होऊन बसायचे आणि डाव्या हाताची चार बोटं वर करायचे. "साहेब, लढाई बरोबरीत का सुटती, त्याची चार कारनं हायेत."

पहिलं कारण पहिल्याच मोजणीला कळलं. "ताकद सारखी. आता सारखी म्हंजी काय, मला ट्रॅक्टर हाय, त्याला न्हाई. त्याला अक्षार हाय, मला न्हाई. मी एका दिवसात त्याचा बांध साफ करीन; तो एका अर्जात मला तालुक्याला सात चकरा मारायला लावील. म्हनून मी करत न्हाई आन् तो लिवत न्हाई." गुरुजी लिहीत नव्हते असं नाही, पण दफेदारांच्या शास्त्रात हे लिहिणं म्हणजे नुसता सराव होता.

दुसरं कारण पुढच्या वर्षी. "दोघांलाबी वाटतं, समोरचा उद्या मोडतोय. मग आज कशाला सोडा?" हे मी डोळ्यांनी पाहत होतो. गुरुजींना दोन दिवस ताप आला की दफेदार मला खासगीत सांगायचे, आठवड्यात मास्तर तह मागतोय. दफेदारांच्या ट्रॅक्टरची बॅटरी बसली की गुरुजी ओसरीवरून सांगायचे, आक्रमकाचं बळ ओसरलेलं दिसतं. अशा रीतीनं दोघंही सहा वर्षं उद्याच मोडत होते.

तिसरं कारण सांगताना त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "तुमी. शांतिसेना. तुमी आला न्हाईत तर आमाला भांडून भांडून कटाळा तरी यील. तुमी येता, टेबल मांडता, चहा पिता, झेंड्या लावता, आमाला जरा इसावा भेटतो. तुमी गेला की आमी पुना ताजं." मी कपातला चहा खाली ठेवला. ते म्हणाले, "प्या, प्या. तुमचं काम हाय ते."

आणि चौथं? चौथं बोट तसंच वर राहायचं. तेवढ्यात काकू हाक मारायच्या, किंवा गाय सुटायची, किंवा दफेदार म्हणायचे, "ते पुढच्या मोजनीला."

एकदा मी कंटाळून सरळ विचारलं, की दफेदार, तुम्हाला नक्की हवंय काय? किती बांध मिळाला म्हणजे तुम्ही जिंकलात? मिशीचं एक टोक, मला वाटतं, थोडं खाली आलं. मग म्हणाले, "पयलं त्याला इचारा, त्याला काय पायजे." मी बांध ओलांडून गुरुजींकडे गेलो. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "प्रथम त्यांनी सांगावं," ते म्हणाले. "उत्तर देण्याची पाळी त्यांची आहे."

या सगळ्या लढाईत रसद मात्र एक दिवस तुटली नाही. काकू दुपारी भाकरी-कालवणाचा डबा फडक्यात बांधून बांधावरच्या त्याच दगडावर ठेवायच्या. थोड्या वेळानं गुरुजी येऊन तो न्यायचे. संध्याकाळी डबा घासून परत यायचा, कधी त्यात चार लिंबं, कधी शेवग्याच्या शेंगा. हे सगळं दफेदारांच्या नाकासमोर चालायचं आणि दफेदारांना ते दिसत नसे. मी एकदा म्हटलं, "दफेदार, तो डबा..." तर म्हणाले, "कुठला डबा?" डबा आमच्या दोघांच्या मधोमध होता. काकू हळूच म्हणाल्या, "भाऊ, त्यांला दिसत न्हाई. फकस्त मासवड्या केल्या की इचारत्यात, दोन वड्या कमी कशा पडल्या, तिकडं पुरत्याल का."

पुढे नगरला रणगाड्यांचं संग्रहालय झालं, तेव्हा दफेदार मला हट्टानं घेऊन गेले. सगळ्या रणगाड्यांना त्यांनी नावानिशी ओळख दाखवली आणि एकापुढे बराच वेळ उभे राहिले. म्हणाले, "असल्यात बसून मी आट म्हयनं वाळवंटात काढलं. समोर दुर्बिनीत एक त्यांचा. त्यो हलंना, मी हलंना. रोज सकाळी त्यो इंजिन चालू करायचा. मंग मी करायचो. त्यो बंद करायचा, मी बंद करायचो. बास, येवढीच लढाई. एक दिवस सकाळी त्याचं इंजिन चालू झालंच न्हाई. दुपार झाली, न्हाई. सगळी म्हनली, पळाला वाटतं, चला, जिंकलो. मला, साहेब, जेवन जाईना. काय झालं आसंल त्याला? आजारी आसंल का? तिसऱ्या दिवशी सकाळी भक् भक् भक् करून धूर निघाला. मी इतक्या जोरात इंजिन चालू केलं, की वरच्या साहेबाची टोपी उडाली."

मी म्हटलं, "मग जिंकलं कोण?"

"बदली झाली," दफेदार म्हणाले. "दोघांची."

ही गोष्ट मी तेव्हा गंमत म्हणून ऐकली आणि विसरलो. ती पुन्हा आठवायला पुढचा शिमगा उजाडावा लागला.

त्या शिमग्याच्या सुमाराला गुरुजींच्या छातीत दुखलं. मुलगा पुण्याहून गाडी घेऊन आला आणि गुरुजींना घेऊन गेला. मोठं ऑपरेशन ठरलं होतं. जाताना गुरुजींनी दोन कामं केली. कर्ता आणि कर्म यांची दावी काकूंच्या हातात दिली, आणि मोजणीचा अर्ज टपालात टाकला. तो अर्ज माझ्याकडे आला, आणि पाठोपाठ गावातली बातमीही आली. मुलगा पारावर बोलून गेला होता, की आता बाबांना इथं एकटं ठेवायचं नाही. रान पडीक राहिलं तर राहू दे, पुढंमागं देऊन टाकू. आणि द्यायचं झालं तर पहिला हक्क शेजारच्या काकांचा. म्हणजे बांधाची कटकट कायमची मिटली.

म्हणजे सहा वर्षांत मला जमलं नाही, माझ्या आधीच्या तीन साहेबांना जमलं नाही, ते आपोआप जमून आलं होतं. समोरची फौज उठून गेली होती. मैदान मोकळं. दफेदारांनी नुसता ट्रॅक्टर घालायचा अवकाश, बांधच काय, पलीकडची विहीरसुद्धा त्यांची. मला वाटलं, दफेदारांच्या दारात आता साखर वाटत असतील.

नोटिसा काढून उन्हाळ्यात मोजणीला गेलो, तर दारात शुकशुकाट. "शांतिसेना आली" नाही, चहा नाही. ट्रॅक्टर उभा, त्यावर कोंबडी बसलेली. काकू म्हणाल्या, "भाऊ, रोज सकाळी ट्रॅक्टरवर बसत्यात. किल्ली लावत्यात. समोर बघत बसत्यात. आन् उतरून येत्यात. मी म्हनलं, चालू करा की. तर म्हनले, तिकडनं काय आलं न्हाई, मी कशाचा जबाब देऊ?"

मग त्यांनी आणखी एक सांगितलं. दफेदार एक दिवसाआड बेलापूरला टेलिफोनच्या पिवळ्या डब्यात जाऊन पुण्याला गुरुजींच्या मुलाला फोन लावत होते. नाव सांगत नव्हते, तब्येत विचारत नव्हते. फक्त जाड आवाजात एकच प्रश्न: "खोकतो का?" पलीकडून मुलगा "कोण बोलतंय?" म्हणाला की फोन ठेवून द्यायचे. मुलाला वाटलं, दवाखान्यातून कुणी मोठे डॉक्टर चौकशी करताहेत. तो बिचारा आदबीनं उत्तर द्यायला लागला, "अजून नाही सर. टाके दुखतात म्हणतात." दफेदार परत येऊन काकूंना सांगायचे, "शत्रूच्या गोटातली खबर हाय. आजून न्हाई."

"आहेत कुठे दफेदार?" मी विचारलं.

काकूंनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की काय होत्या, कळेना. "जावा बांधावर. पर मी सांगितलं म्हनू नका."

मी बांधाकडे गेलो आणि जे पाहिलं ते मी आजवर ज्या ज्या माणसाला सांगितलं त्यानं मला थापाड्या म्हटलं. बांधाच्या पलीकडे, गुरुजींच्या रानात, गुरुजींच्या नांगरामागे, गुरुजींच्याच बैलांचा कासरा धरून दफेदार उभे होते. उभे म्हणजे बैल नेतील तिकडे जात होते. वीस वर्षं रणगाडा आणि पुढं ट्रॅक्टर, बैलामागं चालायचा सराव शाळेत असतानाच सुटलेला. आणि बैल गुरुजींच्या हाताखाली वाढलेले. त्यांना चुचकारून बोललेलं आणि शुद्ध बोललेलं समजायचं. दफेदार जाड आवाजात म्हणत होते, "कर्ता, दाहिने मुड़. कर्म, थम. अरे थम म्हनतो ना." कर्ता डावीकडे गेला. कर्म खाली बसला. दफेदारांनी बारीक आवाजात स्वतःच "जी साब" म्हणून पाहिलं. बैलांवर त्याचाही परिणाम झाला नाही.

मला पाहून त्यांनी कासरा मागं लपवला. दोन बैल आणि एक नांगर पाठीमागे लपवायचा प्रयत्न करणारा माणूस मी आधी पाहिला नव्हता.

"दफेदार, हे काय?"

"काय? कुठं काय?"

"तुम्ही गुरुजींच्या बाजूनं बांध कोरताय."

त्यांनी चहूकडे पाहिलं. मग जवळ आले. आवाज खाली आला. "साहेब, माझ्या बाजूचं एक तास मी पाडव्यालाच घेतलं. दर साली घेतो, घेतलं. मंग बघितलं तर त्याची बाजू तशीच. बांध एकीकडनंच खाल्लेला. आवो, कसा दिसत हुता म्हनून सांगू, एका बाजूची मिशी काढल्यावानी. मास्तर येनार. आला की घरात शिरायच्या आदी काठी टेकत हितं येनार, इत लावून बघनार. आन् त्याला काय दिसंल? की दफेदार एक तास फुडं गेला आन् आपन न्हाई. म्हंजी आपन हरलो. ऑपरेशन झाल्यालं मानूस. त्याच्या छातीला हे झेपंल का?"

"मग तुमच्या ट्रॅक्टरनं घ्यायचं होतं. बैल कशाला छळताय?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की पहिल्याच दिवशी पलटणीत भरती झालेल्या गड्याकडे पाहावं. "ट्रॅक्टरचं तास त्याला वळखू येनार न्हाई व्हय? तो मास्तर हाय. त्याला कळलं की मी त्याच्या वतीनं लढलो, तर त्यो लढाईच सोडून दील." मग म्हणाले, "तुमी हे नकाशात लिवू नका."

"आणि गुरुजी आलेच नाहीत तर? मुलगा म्हणत होता..."

"मुलगा लई बोलतो," दफेदार म्हणाले आणि कर्माला उठवायला गेले. उठता उठेना. शेवटी मी टेबल बाजूला ठेवलं आणि पुढून बैल धरले. सरकारी नोकरीत असताना एका पक्षकाराच्या वतीनं दुसऱ्या पक्षकाराला बांध कोरू लागलो, हे पेन्शन सुरू झाल्यावरच लिहायची माझी हिंमत झाली. तास पुरं झालं. ते इतकं वाकडं होतं, की त्यावरून साप गेला असता तर त्याला घरी आल्यासारखं वाटलं असतं. माझी मोजणी मात्र बरोबर आली. बांध मधोमध, वीतभर.

गुरुजी मृगाच्या तोंडावर आले. मुलाशी भांडून आले असं नंतर कळलं. पुण्यात त्यांना कुणाविरुद्ध अर्ज करावा असं माणूसच सापडलं नव्हतं. आधीच काडी, आता काडीची सावली झाली होती. आणि दफेदार म्हणाले होते तसंच, घरात न शिरता, पिशवी ओसरीवर ठेवून, काठी टेकत बांधावर आले. आपल्या बाजूनं बराच वेळ चालत गेले, परत आले. वाकता येत नव्हतं, म्हणून वीत न लावता काठीनं मापून पाहिलं. दफेदार तेव्हा ट्रॅक्टरखाली शिरून कसली तरी दुरुस्ती करत होते, असं काकू सांगतात. ट्रॅक्टर दोन महिन्यांत चालू झाला नव्हता.

आठवड्यानं माझ्या टेबलावर अर्ज आला. अक्षर जरा थरथरत होतं, पण नमस्कार करावासा वाटेल असंच. "सविनय अर्ज करतो की, माझ्या गैरहजेरीत अज्ञात इसमाने माझ्या बाजूने, माझ्या वतीने व माझ्याच बैलांकरवी बांधाचे एक तास घेतले आहे. घेतल्याबद्दल तक्रार नाही. परंतु सदर तास अत्यंत वाकडे असून ते मी घेतले असे लोकांस वाटल्यास माझी अप्रतिष्ठा होईल. तरी चौकशी होऊन सदर इसमास योग्य ती समज मिळावी." आणि खाली, समासात, लाल शाईनं: "दहापैकी चार."

हा अर्ज मी कुणापुढे ठेवला नाही. नोंदवहीत चढवला नाही. तो अजून माझ्या ट्रंकेत आहे. मात्र त्याची एक नक्कल मी दफेदारांना नेऊन दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली, लाल शाईच्या जागी आणखी एकदा वाचली, आणि चवथीतल्यासारखी जपून घडी घालून खिशात ठेवली. "चारच दिलं," म्हणाले. "कंजूष हाय पयल्यापास्नं."

त्याच वर्षी माझी बदली झाली. निघायच्या दिवशी सकाळची एसटी होती. म्हटलं, जाता जाता दफेदारांचा निरोप घ्यावा. ते ट्रॅक्टरवर बसले होते, किल्ली लावलेली, तोंड बांधाकडे. मी खाली उभा राहिलो. म्हटलं, "दफेदार, आता तरी चौथं कारण सांगा. पुढच्या मोजणीला मी नसणार."

त्यांनी डाव्या हाताची बोटं वर केली. सवयीनं तीन मिटली. चौथं तसंच ठेवून त्यांनी मला गप्प राहायची खूण केली.

पलीकडच्या ओसरीवर दार वाजलं. काठीचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. पाटाचं पाणी वाहत होतं तेवढंच ऐकू येत होतं.

मग खोकला आला. आधी दोन लहान. मग लांबचा, तो पूर्वीइतका वर चढला नाही, मधेच एकदा दम घ्यायला थांबला. आणि शेवटी, अगदी बारीक, घसा साफ झाल्याचा ठसका.

"ड्रायव्हर," दफेदार जाड आवाजात म्हणायला गेले. पण आवाज बारीकच निघाला. "जी साब," ते म्हणाले, आणि वर राहिलेलं चौथं बोट त्यांनी किल्लीवर ठेवलं.

एसटी फाट्यावरून वळेपर्यंत मला ते इंजिन ऐकू येत होतं. त्या दिवशी ते पाच मिनिटांत बंद झालं नाही.